संशोधन : विद्यापीठापासून पाड्यापर्यंत



कळवण परिसरातील आपल्या कुटुंबांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. मुलगी नर्सिंग किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी नाशिकला जाते, मुलगा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी पुण्याला जातो, कोणी पत्रकारिता निवडतो, तर कोणी डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. सुट्टीत घरी आल्यावर ही मुले ‘रिसर्च’, ‘पेपर’, ‘सर्व्हे’ असे शब्द सहज उच्चारतात. आई-वडिलांना अभिमान वाटतो. पण हे नेमके काय असते, हे विचारण्याचा संकोचही वाटतो.

याच शब्दाची दुसरी बाजूही आपल्याकडे येत असते. एखाद्या सकाळी पाड्यावर गाडी थांबते. हातात कागद घेतलेली शहरी मंडळी घरोघर फिरतात, प्रश्न विचारतात, मुलांची वजने घेतात, कधी बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि निघून जातात. पुढे काय झाले, हे कोणी कळवत नाही. म्हणजे संशोधन आपल्या घरी दोन दारांनी येते: एका दाराने आपली मुले ते करण्यासाठी बाहेर पडतात आणि दुसऱ्या दाराने इतर लोक ते आपल्यावर करण्यासाठी आत येतात. दोन्ही प्रसंगी आपण जाणते असावे, या हेतूने आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

संशोधन म्हणजे काय?

आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. कळवण तालुका उन्हाळ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. कांदा चाळीत भरला की काही महिन्यांत त्यातला बराच सडतो, काहीला कोंब फुटतात आणि वजनही घटते. एखादा शेतकरी सांगतो, “चाळीच्या तळाशी हवा खेळती ठेवली, म्हणून माझा कांदा टिकला.” हा अनुभव झाला आणि तो मोलाचा आहे; पण ते अद्याप संशोधन नव्हे. त्या वर्षी पाऊस कमी झाला असेल, बियाणे वेगळे असेल किंवा काढणीनंतर कांदा अधिक सुकवला गेला असेल.

आता एकाच शेतातील, एकाच दिवशी काढलेला कांदा दोन चाळींत भरला. एका चाळीत तळाशी हवेची वाट ठेवली, दुसरीत ठेवली नाही, बाकी सारे सारखेच ठेवले. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडील सडलेला कांदा तोलून नोंद केली. असे अनेक गावांत केले आणि निष्कर्ष इतरांनी तपासावेत म्हणून उघडपणे मांडले. हे संशोधन. नेमका प्रश्न, तुलना, प्रामाणिक नोंद आणि इतरांकडून तपासणी हे त्याचे चार खांब होत. यांपैकी एक जरी ढासळला तरी इमारत उभी राहत नाही.

हाच कांदा चार विद्याशाखांना चार प्रकारे दिसतो. आरोग्यशास्त्र विचारील की फवारणी करणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो. व्यवसायशास्त्र विचारील की कांदा साठवून ठेवण्यात खरोखर नफा आहे की केवळ आशा. संज्ञापनशास्त्र विचारील की बाजारभावाची बातमी दुर्गम पाड्यापर्यंत कशी पोहोचते आणि वाटेत कोठे बिघडते. डिझाइन विचारील की स्त्रियांना तासन्‌तास वाकून निवड करावी लागणार नाही, अशी चाळ कशी बांधावी. प्रश्न वेगवेगळे असले तरी माणूस एकच आहे. म्हणूनच आज विद्याशाखांमधील भिंती ओलांडून संशोधन करण्यावर भर दिला जातो.

गडचिरोलीचा धडा

याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात बालके मोठ्या संख्येने दगावत होती. रुग्णालय दूर, रस्ते बिकट, आणि बहुतेक बाळंतपणे घरीच होत असत. त्या काळी वैद्यकीय जगताची समजूत अशी होती की नवजात बालकाच्या गंभीर आजारावर उपचार रुग्णालयातच होऊ शकतात. बंग दांपत्याने प्रश्नच वेगळा विचारला: आई व बाळ रुग्णालयात जाऊ शकत नसतील, तर उपचार घरापर्यंत नेता येतील का?

त्यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. या स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, तापमान पाहत, ऊब व स्तनपान यांविषयी आईला मार्गदर्शन करीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविके देत. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे निवडली, जेथे केवळ नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. आपल्या दोन कांदाचाळींचेच हे तत्त्व आहे. या तुलनेवाचून सुधारणा कशामुळे झाली, हे सांगता आले नसते.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या संदर्भात, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या नवजातांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. दर बालकामागे खर्च होता ५.३ अमेरिकी डॉलर. या शेवटच्या आकड्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तो डॉक्टरचा आकडा नाही, हिशेबनीसाचा आहे. परंतु तो नसता तर कोणत्याही सरकारने ही पद्धत स्वीकारण्याचा विचार केला नसता. आरोग्याच्या संशोधनाला अर्थशास्त्राचा हात लागतो तो असा.

पुढे २०११ मध्ये भारत सरकारने गृहाधारित नवजात बालसेवेचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केला. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. आपल्या कळवण, सुरगाणा भागातील पाड्यांवर आशाताई बाळाचा ताप पाहते, तेव्हा तिच्या त्या फेरीमागे गडचिरोलीच्या अनेक वर्षांच्या नोंदवह्या असतात.

मण्यांची पाटी

त्याच गडचिरोलीतील एक लहानशी वस्तू डिझाइन या विषयाचे मर्म समजावून देते. बालकाला न्यूमोनिया झाला आहे की साधा खोकला, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या, एक वर्षाखालील बाळाचे ५० किंवा अधिक असतील तर धोका समजावा. परंतु गावातील अनुभवी सुईणींना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते. साठपर्यंत न चुकता मोजणे त्यांना कठीण जात असे, आणि घड्याळ वाचणे तर दूरच.

यावर उपाय म्हणून एक श्वासमापक बनविण्यात आला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा होत्या: एक लहान बाळांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर तो न्यूमोनिया. सुईणीला केवळ दहापर्यंत मोजता आले की पुरे.

डिझाइन म्हणजे वस्तू सुंदर करणे, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक ‘ही वस्तू कोण वापरणार, कोठे वापरणार आणि तिला काय येते?’ या प्रश्नापासून डिझाइन सुरू होते. त्या सुईणीला ‘अडाणी’ म्हणून बाजूला सारण्याऐवजी तिच्या हाताला जमेल असे साधन घडविले गेले. यात बुद्धी आहे, तसाच माणसाविषयीचा आदरही आहे.

आपल्या देशात या विषयाचे औपचारिक शिक्षण फार जुने नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतीय घरातील साध्या लोट्याची डिझाइनचा आदर्श म्हणून प्रशंसा केली होती. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. ज्या घरांत आजही बांबूच्या टोपल्या व सुपे विणली जातात, त्या घरांतील मुलांनी हा विषय आपल्यासाठी नाही, असे मानण्याचे कारण नाही.

नाशिकच्या गावांत रेडिओ

संज्ञापन, म्हणजे संदेश देण्या-घेण्याचे शास्त्र. यातील एका जगप्रसिद्ध प्रयोगात आपल्या नाशिक जिल्ह्याचा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५६ च्या आरंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत ‘रेडिओ ग्रामसभा’ भरविल्या. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि नाशिक हे ते जिल्हे. गावकऱ्यांचा एक गट आठवड्यातून दोनदा एकत्र येई, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील कार्यक्रम ऐके, नंतर त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या डाखाव व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून ते बचावले होते. चित्रांच्या साहाय्याने आकडेवारी समजावणारी ‘आयसोटाइप’ पद्धती विकसित करणारे ओटो न्यूरॅथ हे त्यांचे वडील. पॉल न्यूरॅथ यांनी ग्रामसभा असलेल्या गावांची तुलना रेडिओ असूनही ग्रामसभा नसलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांशी केली.

निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या गावांत लोकांनी ऐकून चर्चा केली, तेथे ज्ञानात झालेली वाढ इतर गावांपेक्षा पुष्कळच अधिक होती. घरात यंत्र असणे पुरेसे नाही. माणसे एकत्र बसून बोलली, तरच ऐकलेले मनात रुजते. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, संदेशांचा पूर वाहतो आहे आणि तरीही अफवा औषधापेक्षा वेगाने पसरते. अशा वेळी जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आपण पुन्हा वाचण्यासारखा आहे.

डबेवाले आणि एक दंतकथा

व्यवसायशिक्षणाच्या क्षेत्रात मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या कष्टकऱ्यांची ही व्यवस्था १८९० पासून चालत आली. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी तिच्यावर अभ्यासप्रकरण लिहिले आणि ते वर्गांत शिकविले जाऊ लागले. डब्यावरील रंग, अक्षरे व आकडे यांची खूणपद्धती, लोकलगाडीच्या वेळापत्रकाशी जुळलेले काम आणि परस्परविश्वासावर चालणारे गट, ही त्यांच्या यशाची कारणे म्हणून सांगितली गेली. २०२० मध्ये महासाथीमुळे कार्यालये बंद झाली, तेव्हा या व्यवस्थेला जबर फटका बसला, हेही येथे नमूद केले पाहिजे. यशाची कारणे शोधणारे शास्त्र संकटाचीही कारणे शोधते.

परंतु याच डबेवाल्यांविषयी एक दंतकथा आहे. ‘फोर्ब्स मासिकाने त्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिले’, असे भाषणांत व पुस्तकांत सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ‘फोर्ब्स’ने १९९८ मध्ये त्यांच्यावर लेख छापला होता, प्रमाणपत्र दिले नव्हते, आणि असे प्रमाणपत्र देणे हे त्या मासिकाचे कामही नव्हे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरविले, तिसऱ्याने व्यासपीठावरून सांगितले. डबेवाल्यांची थोरवी या दंतकथेवाचूनही उणी होत नाही. मात्र ‘हे कोणी तपासले?’ असे विचारण्याची सवय लागणे, हाच संशोधनाचा पहिला संस्कार आहे.

ख्रिस्तसभेचा दृष्टिकोन

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. भारतातील कॅथोलिक संस्थांनी या क्षेत्रांत लवकर पाऊल टाकले: व्यवस्थापनासाठी १९४९ मध्ये जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय., वैद्यकासाठी १९६३ मध्ये बंगळूरचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आणि संज्ञापनासाठी १९६९ मध्ये मुंबईची झेवियर संज्ञापन संस्था. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथोलिक विद्यापीठांविषयी जे प्रेषितीय संविधान प्रसृत केले, त्यात संशोधनाची अंगे सांगताना ज्ञानाचे एकात्मीकरण, श्रद्धा व विवेक यांतील संवाद आणि नैतिक जबाबदारी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्ञान मिळविण्याचा मार्ग माणसाच्या प्रतिष्ठेला तुडवून जात असेल, तर ते ज्ञान कितीही उपयुक्त असो, तो मार्ग चुकीचा ठरतो.

सही करण्यापूर्वी

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा अभ्यासप्रकल्प राबविण्यात आला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस आज जगभर उपयुक्त मानली जाते. पण संमतीच्या बाबतीत गंभीर त्रुटी उघड झाल्या. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. कळवण तालुक्यातील कितीतरी मुले-मुली आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. ही गोष्ट दूरच्या जिल्ह्याची म्हणून आपण वाचून सोडून देऊ नये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपले हक्क स्पष्ट आहेत. आम्ही ते थोडक्यात देत आहोत:

१. अभ्यास कशासाठी आहे, त्यात काय केले जाईल, कोणता त्रास संभवतो, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे.

२. नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे दवाखान्यातील उपचार किंवा शासकीय योजनेचा लाभ बंद करता येत नाही.

३. वाचता येत नसेल, तर अंगठा घेताना एक निःपक्ष साक्षीदार उपस्थित असला पाहिजे.

४. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो.

५. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारावे; संमतीपत्राची प्रत व संपर्क क्रमांक मागून घ्यावा.

हे प्रश्न विचारणे म्हणजे संशोधनाला विरोध नव्हे. सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजाराचा बोजा आदिवासी समाजावर मोठा आहे. त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. रक्ततपासणीला घाबरून आपण मागे राहिलो, तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल. प्रामाणिक संशोधक प्रश्नांनी दुखावत नाही. उलट त्याचे काम सोपे होते.

पैसे भरून मिळणारी प्रतिष्ठा

आता पहिल्या दाराकडे वळू. संशोधन करणाऱ्या आपल्या तरुणांपुढे एक सापळा आहे. ‘आरोग्य, वाणिज्य, पत्रकारिता, कला – सर्व विषयांचे शोधनिबंध स्वीकारले जातील, चार दिवसांत प्रसिद्धी, शुल्क इतके’, असे संदेश त्यांना येतात. विषयांचा खरा मेळ घालणारे संशोधन निराळे आणि जे येईल ते छापणारे दुकान निराळे. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यापैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट दर्जाची आढळली. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने ४,३०५ नियतकालिके आपल्या यादीतून वगळली. नंतर तयार झालेली ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. आता पारख करण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर व स्वतः संशोधकांवर आहे.

२०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरील सक्तीही उरलेली नाही. तेव्हा आई-वडिलांनी कांदा विकून पाठविलेले पैसे अशा दुकानात भरण्यापूर्वी आपल्या मार्गदर्शकांना विचारावे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. चांगले काम कसे दिसते, हे तेथे पाहावे.

आपण काय करू शकतो?

आपल्या जिल्ह्यातच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. शेती सांभाळून शिकण्याची सोय आहे. धर्मग्रामातील युवकगटांनी वर्षातून एकदा आपल्या विद्यार्थ्यांना बोलवावे आणि ते काय अभ्यासतात, हे त्यांनी मराठीत, आजी-आजोबांना समजेल असे सांगावे. १९५६ च्या ग्रामसभांप्रमाणे ऐकावे, चर्चा करावी, प्रश्न विचारावेत. जो आपला विषय आजीला समजावू शकत नाही, त्याला तो अजून पुरता उमगलेला नसतो.

पाड्यावर कोणी अभ्यासासाठी आले, तर त्यांना आदराने बसवावे, पाणी द्यावे, प्रश्न विचारावेत आणि निरोप देताना एवढे अवश्य सांगावे: “जे सापडेल, ते आम्हाला येऊन सांगा.” २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी बालमृत्यूंविषयी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीतून मांडला, तेव्हाच तो लोकांचा प्रश्न झाला आणि शासनाला त्याची दखल घ्यावी लागली. ज्यांच्याविषयी ज्ञान मिळविले, त्यांच्याच भाषेत ते परत आले, तरच त्याचे ऋण फिटते.

आपल्या मुलांनी मोठे संशोधक व्हावे, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. तितकीच आमची अशीही इच्छा आहे की, उद्या त्यांची गाडी दुसऱ्या कुणाच्या पाड्यावर थांबेल तेव्हा, आपल्या आईने कोणत्या भीतीने अंगठा उमटविला होता, हे त्यांच्या स्मरणात असावे.